गोवर्धनकाकांच्या हातचं पाणी

रोज सकाळी, कारखान्याचा भोंगा व्हायच्या थोडं आधी, गोवर्धनकाका सायकल हातात धरून आमच्या घरासमोरून जात आणि फाटकापाशी आले की घंटी एकदाच वाजवत. थांबत नसत. आत बघत नसत. मागच्या कॅरियरला एनॅमलचं पसरट भांडं रबरी पट्ट्यानं बांधलेलं असे आणि हँडलला एक पिशवी, तिच्यात टॉवेल, साबण, नखं कापायची कात्री. माझे वडील, नंदलाल, त्या वेळी ओसरीवर चहा पीत असत. घंटी वाजली की ते कप खाली ठेवत, आणि सायकल वळणापलीकडे जाईपर्यंत तो पुन्हा उचलत नसत. दोघा सख्ख्या भावांमध्ये सात वर्षं एवढंच बोलणं होतं.

आमची दोन्ही घरं आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात, आजोबांच्या एकाच तुकड्यावर, मध्ये जास्वंदीचं कुंपण. काका वडिलांहून नऊ वर्षांनी मोठे. आजोबा लवकर गेले, म्हणून काका पोरवयातच साखर कारखान्यात लागले आणि वडील शाळेत राहिले. उसाचा रस जिथे उकळतो तिथे काकांचं काम होतं. वाफ, उकळता पाक, तापलेलं लोखंड. तीसेक वर्षांत त्यांच्या तळव्यांची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. चुलीवरचं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवत. निखारा चिमटीत उचलून सिगरेट पेटवत आणि आम्हा पोरांचे डोळे मोठे झालेले बघून म्हणत, "हा हात नाय, कारखान्याचा चिमटा हाय. जाताना मालकाला परत द्यायचा हाय."

त्याच हातांनी ते ढोलकी वाजवत. गणपतीत आमच्याकडे झाकरी होते. गोल धरून, पाय आपटत, पणजोबांच्या बरोबर मराठी मुलखातून बोटीनं आलेली गाणी म्हणायची. वडील गाणं उचलत आणि काका ढोलकी. वडील संध्याकाळी बैठकेत, म्हणजे गावच्या सामाईक खोलीत, मुलांना मराठी अक्षरं शिकवत आणि सणांची सगळी जुळवाजुळव त्यांच्याकडे असे. गाव म्हणे, नंदलालचा गळा आणि गोवर्धनचा हात, दोन्ही मिळून एक माणूस होतो.

१९७५ च्या फेब्रुवारीत जेर्वेज वादळ आलं. काकांच्या घराचा पत्रा सुटला आणि बसंतीकाकूंच्या कमरेवर येऊन बसला. बेटावर जिथे तिथे घरं आडवी झाली होती. इस्पितळात खाटांच्या मधून चालायला वाट नव्हती. काकू तिथे पडून राहिल्या, काका उशाशी बसून राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. एका दुपारी एक म्हातारी क्रेओल बाई आली. मादाम क्लेमांस तिचं नाव, आमच्याच भागातल्या चर्चची. ती काकूंची कुणी लागत नव्हती. ती सरळ खाटेच्या पायथ्याशी गेली, चादर वर केली आणि ओल्या फडक्यानं काकूंचे पाय पुसू लागली. बोटांच्या बेचक्यांत वादळाचा चिखल तसाच वाळलेला होता.

"मी तोंडाकडं बघत बसलो होतो," काका पुढे पुष्कळदा सांगत. "इतके दिस. पायाकडं माझं ध्यानच नाय. परकी बाई येती आन् माझ्या बायकोचा चिखल काढती."

त्यांनी तिला विचारलं, तुला कुणी पाठवलं? ती म्हणाली, कुणी नाही, मी इथून जात होते.

काकू त्याच आठवड्यात गेल्या. त्यानंतर काका मादाम क्लेमांसच्या मागे मागे जाऊ लागले. ती म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जाई. काका तिची पिशवी धरत. मग फडकं पिळून देऊ लागले, मग स्वतःच पुसू लागले. बायबल त्यांना वाचता येत नव्हतं, फ्रेंच प्रवचन अर्धंमुर्धं कळे. त्यांचा ख्रिस्ती धर्म त्या ओल्या फडक्यापासून सुरू झाला आणि बराचसा तिथेच राहिला. १९७७ च्या ईस्टरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव गोवर्धनच ठेवलं.

वडिलांना हे कळलं तेव्हा ते उसातून परत येत होते. आई सांगते, धर्माबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. कुंपणापाशी गेले आणि म्हणाले, "मंग ढोलकी कोण वाजवणार?"

"मी वाजवीन की. फादर काय नको म्हणत नाय."

"फादरला कोण विचारतंय? मी विचारतोय. हिथंबी आन् तिथंबी, तसलं मला नको. गेलास ना? मंग जा."

त्या वर्षी गणपतीत जयदेवनं ढोलकी वाजवली. तो आमचा लांबचा चुलतभाऊ. त्याला ताल येत होता पण हात पोरसवदा होता.

पाय धुण्याचं भांडं ही काकांची स्वतःची भर. बाप्तिस्म्याच्या पुढच्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये बारा माणसांना पुढे बसवलं, त्यांत काका होते. फादर गुडघ्यावर बसले आणि भांड्यात एकेकाचे पाय धुतले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपले पाय हातात घेतले, असं काका म्हणत. दुसऱ्याच दिवशी ते दुकानातून एनॅमलचं भांडं घेऊन आले. मादाम क्लेमांस म्हणाली, मला तर फडकं पुरतं. काका म्हणाले, फडक्यानं मळ जातो, पाण्यानं शीण जातो. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवले की उसात झिजलेली म्हातारी माणसं डोळे मिटून घेत, तोंड जरा उघडं राही. ते बघायला काकांना फार आवडे. पाण्यात हात घालून ते म्हणत, "बरं हाय," आणि मग पाय आत घेत. समोरचा "चटका बसतोय" म्हणाला की हसून गार पाणी ओतत. "तुम्ही सगळे लोण्याचे," म्हणत.

गाव त्यांना मोंपेर म्हणू लागलं, क्रेओलमध्ये पाद्रीबाबा. दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं ओरडत, "मोंपेर, आज कुणाचे पाय धरायला चाललास?"

"ज्याचे घाण असतील त्याचे. तुझेच काढ की."

एक जयराम सरदार होते, जुने मुकादम. तरण्या वयात त्यांनी मजुरांना इतकं छळलं होतं की म्हातारपणी त्यांच्या दारात कुणी जात नसे. काका जात.

"हळू, गाढवा," सरदार खाटेवरून ओरडत. "बोट कापशील!"

"तीस वर्षं तुम्ही आमचा पगार कापलात. आता मी तुमचं कापतो. गप बसा."

सरदार शिव्या देत आणि पाय मात्र पाण्यातून काढत नसत.

असं सगळं चालू होतं, आणि रोज सकाळी आमच्या फाटकापाशी ती एक घंटी. आईला ती ऐकवत नसे. एकदा कपडे वाळत घालताना तिनं कुंपणावरून विचारलं, "दादा, कशाला वाजवता? ते काय बाहेर येणार नायत."

"गावातले सगळे पाय हाताखालनं गेले, कुंती," काका म्हणाले. "धाकट्याचे तेवढे राहिलेत. आन् त्याचे मी ल्हानपणी धुतलेत, त्यालाबी म्हाईत नाय. आय आजारी होती तवा." मग म्हणाले, "तेवढे झाले की मला दुसरं काय मागायचं नाय."

आईनं हे वडिलांना सांगितलं नाही.

वडिलांना साखरेचा आजार आहे हे १९८१ मध्ये कळलं. आमच्या गल्लीत घरटी एकाला तो होता. लोक सर्दीसारखं त्याबद्दल बोलत. वडिलांनी चहातली साखर सोडली, गोळ्या आठवतील तेव्हा घेतल्या आणि उसात जाणं चालू ठेवलं. कधी बुटातून मोजा काढला की तो रक्तानं चिकटलेला असे आणि त्यांना पत्ता नसे. याचा त्यांना अभिमानच वाटे. "पाय अजून तरण्यासारखे हायत," ते सांगत. "खुंट घुसला तरी कळत नाय." उसातल्या माणसांत असं बोलण्याला शाबासकी असते. कुणाला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. मलाही नाही.

१९८४ साली मी शाळेसाठी बेटावरच्याच फिनिक्स गावी मावशीकडे राहत होते. पुढचं बरंचसं आईनं सांगितलेलं आहे. ती ते एकदाच सांगते असं नाही. भाजी निवडताना, कपडे घडी करताना, मध्येच सुरू करते, आणि दर वेळी त्याच जागी थांबते.

ईस्टरच्या आधीचा आठवडा होता. आईनं कुंपणावरून काकांना हाक मारली.

"दादा, त्यांची नखं बोटात रुतलीत. मोतीबिंदूनं मला दिसत नाय. काल कापायला गेले ते मांसच कात्रीत धरलं. त्यांना कळलंबी नाय."

काका कुंपणाची पानं खुडत राहिले. "तो बसंल माझ्यापुढं?"

"मी बसवते."

जेवताना तिनं वडिलांपुढे विषय काढला. तिला वाटलं होतं, ते ताटावरून उठतील. ते एवढंच म्हणाले, "थोरला भाऊ माझ्या पायाला हात लावणार? मला पापात घालतेस व्हय?"

सात वर्षांत त्यांनी पहिल्यांदा थोरला भाऊ हा शब्द उच्चारला होता. आईनं तो पकडला. "मंग आधी तुम्ही त्यांच्या पायाला हात लावा. फिटलं."

"आन् त्यानं त्याच्या देवाचं नाव काढायचं नाय."

"नाय काढणार."

"आन् रडायचं नाय."

"ते तुम्ही दोघं बघा."

गुरुवारी सकाळी घंटी वाजली आणि सायकल थांबली. काकांनी फाटक उघडलं. वडील ओसरीवर खुर्चीत बसले होते, स्वच्छ सदरा घालून. ते उठले, खुर्चीचा हात धरून वाकले आणि काकांच्या पायांना हात लावला. काकांचा हात त्यांच्या डोक्यावर जरा वेळ तसाच अधांतरी राहिला, मग टेकला.

"बस रं, बस," काका म्हणाले. "गुडघे काय वाजले तुझे! दुकानापर्यंत ऐकू गेले."

"तुझे काय वाजत नायत?"

"माझं समदंच वाजतं."

आईनं चुलीवरची किटली आणली, गार पाण्याची बादली आणली. काकांनी भांड्यात पाणी सारखं केलं, हात घालून बघितला. "बरं हाय." वडिलांनी पाय आत सोडले.

"गार हाय, दादा."

"गार?" काकांनी पुन्हा हात घातला, तसाच थोडा वेळ ठेवला. "व्हय रं, गारच वाटतंय. कुंती, ओत जरा."

आईनं ओतलं.

"आता?"

"अजून गारच."

"ओत गं."

आई इथे थांबते. मग म्हणते, "वाफ निघत होती. नख दिसत नाय मला, वाफ दिसती. मी म्हटलं, ह्यांचा पाय आत हाय, दादांचा हात आत हाय, दोघंबी गार म्हणतात. मी कोण?"

दोघं भाऊ बोलत बसले. आधी अडखळत, मग एकमेकांचं वाक्य तोडत. पितों गावच्या आत्याचं लग्न, आजोबांची कुबडी, तोडलेलं आंब्याचं झाड. सात वर्षांचं साचलेलं होतं.

"जयदेव ढोलकी वाजवतो का पत्रा बडवतो?" काकांनी विचारलं.

"तुला कुठनं ऐकू येतं?"

"दर वर्षी कुंपणामागं उभा असतो मी."

वडील म्हणाले, "मला म्हाईत होतं. झाकरीत माझं तोंड तिकडंच असायचं."

"मंग हाक का नाय मारलीस?"

"तू का नाय आलास?"

आणि दोघंही हसायला लागले. वडील हसता हसता खोकू लागले, आईनं त्यांना पाणी दिलं. "ये या वर्षी," ते म्हणाले. "पहिलं गाणं तुझ्या ढोलकीवर." काकांनी मान हलवली. वडिलांनी सांगितलं होतं तसं ते रडले नाहीत. फक्त म्हणाले, "कुंती, पाणी निवलं असंल, ओत थोडं." तिनं ओतलं.

पाय बाहेर काढले तेव्हा घोट्यापर्यंत लालभडक झाले होते.

"बघ!" काका म्हणाले. "रक्त कसं फिरायला लागलं!"

त्यांनी एकेक बोट टॉवेलनं टिपलं. उजव्या टाचेची कातडी टॉवेलला लागून आली. मेलेली कातडी होती, ते म्हणाले, बरं झालं निघाली. नखं कापली. रुतलेल्या कोपऱ्यांपाशी श्वास धरून कात्री चालवली. वडिलांनी एकदाही पाय मागे घेतला नाही. काकांना वाटलं, आपला हात किती हलका झाला आहे.

संध्याकाळी ते चर्चला गेले. आई सांगते, गल्लीतून जाताना ते शीळ घालत होते, झाकरीच्या गाण्याची. परत आले तेव्हा आमच्या ओसरीवर शेजारीपाजारी जमले होते. वडिलांच्या दोन्ही पायांवर फोड आले होते, लिंबाएवढे, काही फुटलेले. वडील म्हणत होते, "दुखत नाय. खरंच दुखत नाय. कशाला सगळे जमलाय?"

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, कुणी केलं हे? वडील म्हणाले, "मीच. अंघोळीचं पाणी." दारात उभे असलेले काका म्हणाले, "मी केलं." डॉक्टरनं दोघांकडे पाहिलं. त्यानं सुई काढून वडिलांच्या तळव्याला टोचली आणि विचारलं, कळतंय? वडिलांनी विचारलं, काय? साखरेनं पायांची जाणीव जाते, डॉक्टर समजावून सांगू लागला, आग लागली तरी समजत नाही, म्हणून पाणी दुसऱ्यानं बघायचं असतं. तो रागावून बोलत नव्हता. काका पुढे आले आणि त्यांनी आपला तळवा त्याच्यापुढे धरला.

"हिथं टोचा."

डॉक्टरनं आधी नकार दिला, मग टोचलं. काका आपल्या हाताकडे बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "टोचा की."

डॉक्टरनं सुई बाजूला ठेवली.

डावा पाय भरून येत गेला. उजवा आला नाही. आमच्याकडे जून-जुलैत थंडी असते, त्या दिवसांत तो गुडघ्याखाली कापला. वडील घरी आले, पुढच्या खोलीत त्यांची खाट लावली. काका रोज येत आणि ओसरीच्या पायरीवर बसत. उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नसत.

"दादा, आत ये," वडील खाटेवरून हाक मारत. "सात वर्षं बोलावलं नाय, आता बोलावतो तर येत नायस."

"बरा हाय हिथं."

"एक राहिलाय अजून. भितोस व्हय?"

काका उठून निघून गेले. आई वडिलांवर चिडली, असं कसं बोललात म्हणून. वडील भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मंग कसं बोलू? हसंल म्हणून बोललो."

गणपतीला वडिलांना खुर्चीत बसवून मांडवात नेलं. मी त्या वेळी घरी आले होते. गाणं उचलायच्या आधी ते थांबले, सगळे थांबले, जयदेवनं ढोलकी काढून बाजूला ठेवली. मी काकांना बोलवायला गेले. त्यांचं दार आतून लावलेलं होतं. मी हाका मारल्या. आत कुणीतरी कूस बदलल्यासारखा आवाज आला, बस्स. येताना मी कुंपणामागे बघितलं. तिथेही कुणी नव्हतं. वडिलांनी जयदेवला खूण केली. त्यांचं गाणं त्या वर्षी दोन ओळींच्या पुढे गेलं नाही.

जखम मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पुढच्या वर्षी जूनमध्ये, ऊसतोड सुरू व्हायच्या सुमाराला ताप चढला तो उतरला नाही. शेवटी शेवटी वडिलांनी एकच लावून धरलं होतं, की डाव्या पायाची नखं दादानं कापावीत. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नव्हते. आईनं काकांच्या दारात जाऊन अक्षरशः पदर पसरला. काका आले. त्या दिवशी ते उंबरा ओलांडून आत आले, खाटेच्या पायथ्याशी बसले, तो उरलेला पाय मांडीवर घेतला. भांडं आणलं नव्हतं, नुसती कात्री. वडील डोळे मिटून पडून होते.

काकांनी अंगठा धरला. कात्री नखापाशी नेली. कात्रीची पाती एकमेकांवर वाजू लागली. त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा नेला. मग पाय उचलून चादरीवर ठेवला, अगदी अलगद, कात्री त्याच्या शेजारी ठेवली आणि बाहेर गेले.

"झालं?" वडिलांनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं," आई म्हणाली.

रात्री तिनं चाचपून चाचपून ती नखं कापली. दोन दिवसांनी वडील गेले.

काकांनी त्यानंतर कुणाच्या पायाला हात लावला नाही. जयराम सरदारांनी निरोप पाठवला, नखं वाढली आहेत, गाढवाला सांगा. काका गेले नाहीत. सरदारांनी पुन्हा निरोप पाठवला, या वेळी शिवी न देता. तरी गेले नाहीत. वर्षभरात सरदार वारले, कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा काकांनी नुसतं "व्हय?" म्हटलं. मादाम क्लेमांस, आता काठीशिवाय चालता न येणारी, बसमधून आली. ती त्यांच्याजवळ बराच वेळ बसली आणि निघताना म्हणाली, उद्या माझ्याबरोबर चल, फडकं मी आणते. काकांनी तिला बसपर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी ती वाट बघून एकटीच गेली.

फादरही आले. चांगला माणूस होता. खुर्ची नको म्हणून पायरीवरच बसला. देव माणसाचं मन बघतो, असं त्यानं सांगितलं. तुझं मन देवाला ठाऊक आहे.

"मन चांगलं होतं, फादर," काका म्हणाले. "पाणी गरम होतं."

मला अजून वाटतं, फादरनं त्यावर उत्तर दिलं नाही ते बरं केलं. आणि मला हेही वाटतं, की काका उत्तराची वाट बघत होते. ते रविवारी चर्चला जात राहिले, शेवटच्या बाकावर बसत. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मात्र जात नसत. एकदा मी धीर करून विचारलं, काका, तुम्ही प्रार्थना करता ना? ते म्हणाले, "बसतो. तो काय बोलत नाय, मीबी काय बोलत नाय."

आई त्यांना दोन वेळचं जेवण आणि सकाळ-संध्याकाळ चहा नेऊन देई. त्यांच्यावर रागावण्याचा प्रयत्न तिनं केला होता, तिला तो जमला नाही. किटली तिच्या हातात होती, असं ती म्हणते. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. काका कोणतीही गरम वस्तू हातात घेईनासे झाले होते. जेवण गार होऊ देत, चहावर साय धरेपर्यंत तो तसाच ठेवत. पूर्वी चुलीवरचा उकळता चहा ते एका दमात पीत असत.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये, ऊसतोड जोरात असताना, आई सकाळी चहा घेऊन गेली. काका दारातल्या पाटावर बसले होते, भिंतीला टेकून. बाहेर उसाचे ट्रक जात होते. ती तासाभरानं कप न्यायला गेली तेव्हा कप भरलेला होता आणि काका तसेच बसलेले होते, मान थोडी एका बाजूला. तिनं हाक मारली. मग तिनं त्यांचा हात हातात घेतला, आयुष्यात पहिल्यांदा. थंड होता, ती म्हणते, पण तळवा तसाच, सालीसारखा.

त्यांना चर्चच्या दफनभूमीत पुरलं. आमच्याकडचे फार लोक आले नाहीत. जयदेव आला होता, लांब उभा राहिला.

मी आईला विचारलं, सकाळी काही म्हणाले का? ती म्हणाली, काही नाही, रोजचंच. तिनं कप पुढे केला होता, तर त्यांनी हात न काढता मानेनं जमिनीकडे दाखवलं आणि म्हणाले, "ठेव तिथं, कुंती. निवला की घेतो."